एरंडेलाचा घोट

काल जुन्या खेळण्यातल्या विमानाच्या इंजिनाचं सिलिंडर हेड उघडलं आणि आत जळून चिकटलेल्या एरंडेलाचा वास नाकात गेला, तसं मी ते हातातून खाली ठेवलं. पिंपळगाव राजा या गावच्या आमच्या घरी या इंजिनाचं इंधन मी स्वतः कालवायचो, मिथेनॉल म्हणजे विषारी स्पिरिट आणि त्यात एरंडेल, आणि बाटलीवर ठळक ‘विष’ लिहून ती कपाटात मागे ठेवायचो. एका वर्षी धोंड्याच्या, म्हणजे जावयाचा मान करायच्या अधिक महिन्यात बहीण आणि आमचे जावई जेवायला आले होते. दुपारी इंजिन पेटवणारा नवा ग्लो प्लग बसवून, विमान काखेत घेऊन मी इंधन आणायला आत गेलो, तर जावईबापू बाटली तोंडाला लावून उभे! मी ओरडलो तसा त्यांनी तो घोट पचकन थुंकला, थोडा माझ्या विमानावर, थोडा स्वतःच्याच पायांवर. "काऊन बे, दारूत एरंडेल टाकतं काय? मले वाटलं, आमच्यापासून लपवाले विष लिहेल हाय." यानं डोळे जातात, माणूस मरतो, असं मी सांगत होतो, आणि माय मलाच दटावत होती, "जवायाले असं बोलतेत काय? धोंड्याचा महिना हाय, पाया पड त्याइच्या!" पुरणाचं ताट मांडून झालं होतं, बहीण रडायच्या बेतात होती, म्हणून मी वाकलो. विमान त्यानंतर कितीतरी वेळा आकाशात गेलं असेल. पण हा वास आला की मला आकाश आठवत नाही, माझ्या कपाळाला लागलेली ती तेलकट थुंकी आठवते.