निकेशला अप्रकट उष्मा समजावताना

ज्योत्स्नाचा राग कसा सुरू होतो ते बोरटोल्यात सगळ्यांना ठाऊक आहे. आधी नाकाचा शेंडा लाल होतो, मग ती ओढणी कमरेला खोचते आणि दातांवर दात ठेवून म्हणते, "पाह्य, आता मी शांततेनं सांगून राह्यली." हे वाक्य आलं की समजावं, शांतता संपली. त्या जुलैत ते तिनं इतक्यांदा म्हटलं की धानाच्या बांधीतल्या बगळ्यांनाही पाठ झालं असावं.

त्याला कारण निकेश.

निकेश तिच्या घराला लागून राहणारा, तिच्याच वर्गातला. दहावीत बाकी सगळं निघालं, विज्ञान राहिलं. ज्योत्स्ना शाळेतून पहिली आली होती, सावली गावच्या कॉलेजात अकरावीला तिची जागा पक्की होती. निकेशला गडचिरोलीच्या आयटीआयत इलेक्ट्रिशियन व्हायचं होतं. गावात कोणाचा पंखा बंद पडला की हा आधी तिथे. पण जुलैच्या फेरपरीक्षेत विज्ञान निघालं तरच शेवटच्या फेरीत त्याचा नंबर लागणार होता. नाही निघालं, तर बापानं ठरवूनच ठेवलं होतं: थंडी सरता सरता तेलंगणात मिरची तोडायला जी गाडी जाते, तिच्यात बसायचं. त्याचा मोठा भाऊ अजय असाच गेला होता, "या सालापुरता जाऊन येतो" म्हणत. आता तो दरसाल जातो, आणि त्याच्या दहावीच्या पुस्तकांच्या खोक्यात कोंबडी अंड्यावर बसते.

म्हणून निकेशची आई कमळाबाई एक दिवस ज्योत्स्नाच्या अंगणात येऊन उभी राहिली. "जोसने, माह्यं तं आयकत नाई तो. तू सांगशीन तं आयकन. एवढं करून दे बाई."

"त्यात काय मोठं, काकू," ज्योत्स्ना म्हणाली.

हे तिनं बोलायला नको होतं.

फेरपरीक्षा ऐन धानाच्या रोवणीत, म्हणजे लावणीत. घरातलं कुत्रंही त्या दिवसांत मोकळं नसतं. ज्योत्स्नाची आई गिरजाबाई बायांची टोळी घेऊन बांध्या रोवायची आणि त्या टोळीत ज्योत्स्ना होती, त्यांची वर्गमैत्रीण सोनू होती. सोनूही विज्ञानातच अडकलेली. निकेशचं काम धानाच्या रोपांच्या जुड्या आणून बायांच्या पाठीमागे फेकायचं. मग शाळा तिथेच भरली. वाकलेल्या रांगेतून ज्योत्स्ना प्रश्न टाकायची, बांधाच्या धुऱ्यावरून निकेश उत्तराऐवजी जुडी टाकायचा.

"अप्रकट उष्मा म्हणजे काय?"

"अप्रकट म्हणजे... जे दिसत नाई ते."

"अन् उष्मा?"

"गरमी."

"मंग?"

"न दिसणारी गरमी. जशी तुयी."

बाया खदखदल्या. सोनू तर चिखलातच बसली. ज्योत्स्नाचं नाक लाल झालं.

"पाह्य, आता मी शांततेनं सांगून राह्यली," ती म्हणाली. "बर्फ वितळून राह्यला. तू खालून गरमी देऊन राह्यला. तरी बर्फ पुरा वितळत नाई तोवर थर्मामीटर शून्यावरच. काऊन? तं आयक. ह्या बाया पाह्य. ह्या बांधीत गुंतल्या आहेत. ही बांधी रोवून होत नाई तोवर पलीकडच्या बांधीत एकीचा पाय पडन काय?"

"नाई पडन. काकू पडू देनच नाई."

"तसंच. सारी गरमी बर्फाचं पाणी करायच्या कामात गुंतली. ते काम झाल्यावरच तापमान चढवाले मोकळी होते. समजलं काय?"

"समजलं ना."

"मंग सांग."

निकेशनं तोंड उघडलं, आभाळाकडे पाहिलं, बगळ्याकडे पाहिलं. "आत गेलं होतं," तो म्हणाला, "पण थांबत नाई वं ते."

असं आठवडाभर चाललं. निकटदृष्टिता आत जायची आणि थांबायची नाही. विद्युत मोटारही थांबायची नाही. डाव्या हाताच्या नियमाला निकेश तिन्ही बोटं बरोबर ताणायचा आणि मग त्या बोटांकडे असा बघायचा की जणू कोणी दुसऱ्याची त्याच्या हाताला लावून दिली आहेत. ज्योत्स्ना घरी येऊन भांडी आपटायची. "आई, गोठ्यातल्या रेड्याले सांगतली असती एवढी खेप तं तो पास झाला असता!"

"रेड्याले आयटीआयत घेत नाई," गिरजाबाई म्हणायची.

तोडगा काढला तो भैयाजीनं, म्हणजे निकेशच्या बापानं. दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेत गावात जे नाटक होतं त्याचा भैयाजी प्रॉम्प्टर. विंगेत पुस्तक घेऊन बसायचं, पुढचा संवाद हळूच सोडायचा आणि नटानं तो झेलून प्रेक्षकांवर फेकायचा. झाडीपट्टीतलं पोरगं पायावर उभं राहायच्या आधी या कामाला लागतं. निकेश तर पाचवीपासून स्टेजवर. कधी बायकोला भिणारा हवालदार, कधी सासू.

"जोसनाबाई," भैयाजी घसा खाकरून म्हणाला. तो साधं पाणी मागतानाही तिसऱ्या अंकातलं मागतो. "तुमची पद्धत चुकून राह्यली. आमच्या पोराले पुस्तक नोका दाखवू. त्याले क्यू द्या! क्यू भेटला का तो सुटते."

आणि खरंच सुटला. भैयाजीनं पुस्तक घेऊन ओसरीच्या खांबाआड बसायचं, ज्योत्स्नानं प्रश्न विचारायचा, भैयाजीनं पहिले दोन शब्द सोडायचे. दोन दिवसांत तेही लागेनासे झाले. "अप्रकट उष्मा म्हणजे काय?" म्हटलं की निकेश छाती काढून, एक हात वर करून, शेवटच्या ओळीतल्या प्रेक्षकाला ऐकू जाईल असा सुरू व्हायचा: "स्थायू पदार्थाचे! द्रवात रूपांतर होत असताना!! जी उष्णता शोषली जाते..." शेजारची म्हैस दावं ताणायची. कमळाबाई पदरानं डोळे पुसायची. पेपर आठवड्यावर आला तेव्हा अख्खं पुस्तक त्याच्या तोंडात होतं. ज्योत्स्नाला त्या रात्री जेवण गोड लागलं.

दुसऱ्या दिवशी तिनं सहज, अगदी सहज विचारलं, "निकेश, बर्फ वितळत असताना त्याचं तापमान का वाढत नाही?"

निकेश उभा राहिला. छाती काढली. हात वर गेला.

आणि तिथेच राहिला.

"बोल ना."

"क्यू दे."

"प्रश्न विचारला ना मी!"

"हा नाई क्यू. 'अप्रकट उष्मा म्हणजे काय' म्हण."

"बोर्डवाले तसंच विचारतील काय? ते उलटं करून विचारतात! हेच आहे बे ते! तेच उत्तर आहे!"

"मंग तसं विचार ना," निकेश अगदी समजुतीनं म्हणाला. "मी कुठी नाई म्हणून राह्यलो?"

ज्योत्स्नानं मोटारीचा प्रश्न उलटा केला. हात वरच. भिंगाचा केला. निकेशची नजर खांबाकडे गेली, बाप आहे का बघायला. नटाला विंगेकडे बघायची जी सवय असते तीच. ज्योत्स्नानं शांततेचं वाक्य म्हणायचेही कष्ट घेतले नाहीत. पुस्तक ओसरीवर आपटलं. "जाय तेलंगणात! मिरची तोड! मिरची नाई विचारत तुले उलटं करून!"

आणि घरी येऊन रडली. पोटातून येतं ते रडू, कारण मिरचीचं तोंडातून गेलं तेव्हा निकेशचा चेहरा तिनं पाहिला होता. तो पहिल्यांदाच कोणाचं सोंग आणत नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती मुद्दाम उशिरा बांधीवर गेली. पळसाच्या झुडपापाशी आली आणि थबकली. धुऱ्यावरून तिचाच आवाज येत होता.

"पाह्य, आता मी शांततेनं सांगून राह्यली!"

निकेशनं सोनूची ओढणी कमरेला खोचली होती. नाक चोळून लाल केलेलं. उभं राहणं तिचं, मान झटकणं तिचं, चिडल्यावर 'च' थोडा लांबतो तोही तिचा. बाया रोवायच्या थांबून हसत होत्या. गिरजाबाईसुद्धा, आणि हे ज्योत्स्नाला जास्त लागलं.

"जोसनाबाई," सोनूनं लाडानं विचारलं, "थंड पाण्याच्या गिलासाले बाहेरून घाम काऊन येते जी?"

हा प्रश्न कुठल्याच संवादात नव्हता. ज्योत्स्ना पुढे सरकली. आता अडकणार.

"अवं ढ पोट्टी!" निकेश कडाडला. "गिलासात थंड पाणी. बाजूची हवाही थंडी पडते. थंड्या हवेले जास्त वाफ धरवत नाई. मंग ती सोडून देते. तेच थेंब. गिलास नाई गळून राह्यला! समजलं काय? नसन समजलं तं पुन्हा सांगतली असती, पण माह्यं डोकं फिरलं आहे!"

"अन् बर्फ वितळताना तापमान काऊन नाई वाढत?" हे मात्र ज्योत्स्नानंच विचारलं, झुडपाआडून बाहेर येत.

निकेश दचकला. पण अंगात ती होती, ती उतरली नाही. "कायले वाढन?" तो तिच्याच डोळ्यांत बघून तिच्यावरच खेकसला. "बाया ह्या बांधीत गुंतल्या आहेत ना!"

 मग ज्योत्स्नानं ओढणी खोचली. तिथे आता दोन ज्योत्स्ना उभ्या होत्या आणि खरी कोणती ते नाकावरूनही कळत नव्हतं.

"तुले येते," ती म्हणाली. "मेल्या, तुले सारं येते! निकेश म्हणून नाई येत. मी म्हणून येते!"

"तू झालो का डोकं चालते," निकेश म्हणाला. "निकेश असलो का भेव लागते."

"मंग पेपरात मी होऊन बस. जे विचारन त्याचं मी काय सांगितलं असतं ते लिही. बस."

उरलेले दिवस ती प्रश्न उलटे, आडवे, तिरपे टाकत राहिली आणि निकेश तिच्या आवाजात तिला झापत राहिला. स्वतःची बोलणी स्वतःच खायची म्हणजे काय, ते तिला त्या दिवसांत कळलं. तिचा आवाज इतका कर्कश आहे हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

पेपरच्या दिवशी रोवणी सोडून ती सावलीला केंद्रावर गेली. निकेश बाहेर आला तो हसतच. सोनू मागून, प्रश्नपत्रिकेनं वारा घेत. बसस्टँडवर ज्योत्स्नानं एकेक प्रश्न विचारला आणि निकेशनं एकेक उत्तर बरोबर सांगितलं. तिच्या छातीवरचा दगड सरकत होता.

"उष्म्याचा होता ना? तो काय लिहिला?"

"पुरा लिहिला. शून्य अंश, स्थायू-द्रव, अवस्था बदल, सारं. बायांचंही लिहिलं."

"बायांचं?"

"रोवणीच्या. ही बांधी, ती बांधी. तू सांगतलं होतं ना, मी जे सांगतली असती ते लिही."

ज्योत्स्नानं सावकाश विचारलं, "अन् शेवटी?"

"शेवटी काय, तू म्हणतेस तेच. 'समजलं काय? नसन समजलं तं वरून पुन्हा वाचा.'" तिच्या चेहऱ्याकडे पाहून त्यानं घाईनं जोडलं, "'वाचा' म्हटलं वं. 'वाच' नाई म्हटलं. मोठा माणूस असन तपासणारा."

"एकाच उत्तरात ना?"

निकेश बसच्या पाटीकडे बघायला लागला.

"निकेश. किती उत्तरांत?"

"एका जागी 'डोकं फिरलं' लिहिलं होतं, पण ते खोडलं," सोनू मधे म्हणाली. "मीनं मागच्या बाकावरून पाह्यलं अन् खोडवाले लावलं. बेल वाजाच्या आधी खाणाखुणा करून."

त्यांची गडचिरोलीची बस आली आणि गेली. ज्योत्स्नाला ओरडायचं होतं, पण ती जे ओरडली असती ते सारं आधीच उत्तरपत्रिकेत जाऊन बसलं होतं.

निकाल लागेपर्यंत ती अकरावीला जाऊ लागली होती. वर्गात बाई प्रकाशाचं अपवर्तन शिकवत असल्या तरी तिला कुठल्यातरी अनोळखी शहरातले कोणी चष्मेवाले परीक्षक दिसायचे. हातात लाल पेन, आणि समोर तिचीच बोलणी. भैयाजी रोज विचारायचा, "बाई, प्रयोग रंगला का?" कमळाबाई नुसती दारात येऊन उभी राहायची, ते जास्त वाईट होतं. मिरचीच्या गाडीवाल्यानं तोवर आगाऊच नावं घ्यायला सुरुवात केली होती.

दोघं पास झाले. सोनूला चांगले पडले, निकेशला काठावरचे. पण काठ तो काठ. तिसऱ्या दिवशी तो भैयाजीसोबत गडचिरोलीला जाऊन आयटीआयचा फॉर्म भरून आला आणि थेट ज्योत्स्नाच्या अंगणात. हातात पेढे नाहीत, काही नाही. वाटेत कोणाची मोटारसायकल दुरुस्त करून आलेला, हात ऑइलनं माखलेले.

"मार्क जरा कमीच पडले बाप्पा," तो म्हणाला. "मोटारीचं तू घाईत सांगतलं होतं."

ज्योत्स्ना अंगणात तांदूळ पाखडत होती. सूप तिच्या हातात होतं आणि निकेश ते फेकून मारता येईल एवढ्याच अंतरावर होता. तिचं नाक लाल झालं.

"इलेक्ट्रिशियनले बी विज्ञान असते म्हणे पहिल्या सालाले," तो खाली बघत म्हणाला. "साऱ्याच ट्रेडात. मले पुस्तक दाखवलं त्याईनं. उघडून पाह्यलं तं... समजून नाई राह्यलं काही. संध्याकाळी येऊ काय?"

ज्योत्स्नानं सूप खाली ठेवलं. घरातून गिरजाबाई हसू दाबत बघत होती, तिच्याकडेही रागानं बघून झालं.

"हात धुऊन ये पहिले," ती म्हणाली.