यष्टीसाठी सोडलेली वाट

दुष्काळाच्या त्या वर्षी आमच्या गावात माणसांपेक्षा घागरींना जास्त मान होता. टँकर दूध डेअरीसमोर यायचा, म्हणून बाया पहाटेच घागरी रस्त्यावर रांगेत मांडून कामाला जायच्या. दुसऱ्याच्या घागरीला हात लावायचा नाही, हा कायदा. तो मोडणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार ठरलेला.

केजला जाणारी सकाळची एकुलती एक यष्टी त्याच रस्त्यानं जायची आणि माझं दहावीचं केंद्र केजला होतं. मराठीच्या पहिल्याच पेपराला यष्टी रांगेपाशी अडकली. कंडक्टरनं उतरून एक घागर उचलली मात्र, जवळपासच्या बाया धावून आल्या. सगळ्यात मोठा आवाज माझ्या आईचा. पोरगी त्याच गाडीत बसलीय, हे तिच्या ध्यानातच नव्हतं. मी वर्गात पोचले तेव्हा बाकीच्यांची दोन पानं लिहून झाली होती.

संध्याकाळी मी आईशी कडाकडा भांडले. उठली ती थेट डेअरीच्या सचिवांकडे गेली. दूध आटल्यामुळे सोसायटीचे कॅन रिकामेच पडून होते. पुढच्या पेपराला रस्त्याच्या मधोमध कॅनची ओळ उभी. एका अंगाला घागरी, दुसरं अंग यष्टीचं. ड्रायव्हर तर इतका खूश, की रस्ता मोकळा असूनही उगाच हॉर्न वाजवत निघाला. खिडकीत बसून मलाही आपण तहसीलदारीणबाई झाल्यासारखं वाटलं.

शेवटचा पेपर भूगोलाचा. त्या दिवशी टँकर नेमका लवकर आला आणि यष्टीच्या वाटेतच, आईच्या घागरीपाशी थांबला. तिचा नंबर पहिला होता. मागं बाभळीपाशी रस्ता रुंद होता, पण टँकर एकदा तिकडं गेला की रांगेच्या शेपटाकडचे लोक त्याला पुन्हा पुढं येऊ देणार नाहीत, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. टँकरवाल्यानं पाइप खाली सोडला. आईनं तो हातात धरला.

"गाडी मागं घ्या," ती म्हणाली. "पानी थांबंल. पेपर थांबत न्हाई."

टँकर मागं सरकत बाभळीपाशी गेला आणि आमची यष्टी सुटली. मागं वळून पाहिलं, तर आई रिकाम्या घागरीपाशी उभी राहून हात हलवत होती. मला रडूही आलं आणि हसूही.

दुपारी परतले ती धास्तावूनच घरात शिरले. घागर काठोकाठ भरलेली होती. टँकरचं पाणी आमच्यापर्यंत पोचलंच नव्हतं, पण ज्यांना मिळालं त्या बायांनी एकेक तांब्या आमच्या घागरीत ओतला होता. कुणी कुणी ओतला ते आईनं मला बोटांवर मोजून सांगितलं. पहिलं नाव तिच्याशी रोज भांडणाऱ्या शेजारणीचं होतं. सगळी नावं संपल्यावर तिनं मला तांब्याभर पाणी दिलं आणि मग विचारलं, "आता सांग, पेपर कसा गेला?"