कारखान्याच्या पेटीतली पितळी नळी

आमच्या गावात प्राक्सेदेस गाल्येगोशी कुणी धड बोलत नसे. चर्चमध्ये ती ज्या बाकावर बसे, तो बाक रिकामा होई. साखर कारखाना चालू होता तोवर ती तिथल्या प्रयोगशाळेत होती, आणि कुणाच्या उसात किती गोडी हे तिच्या सहीनं ठरे. त्यावर प्रत्येकाच्या वाट्याची साखर. फिलिपिन्समधल्या आमच्या नेग्रोस बेटावरच्या कुठल्याही बागायतदाराला विचारा, त्याचा ऊस गोडच असतो; आकडा कमी आला की चोर प्रयोगशाळेत. तिच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर राख टाकणारे लोक मला नावानिशी ठाऊक आहेत. ती कपडे पुन्हा धुवायची आणि त्याच दोरीवर घालायची.

कारखाना बंद पडला तेव्हा भंगारातली एक पेटी चर्चच्या सभागृहात आली. सणासाठी मी जुन्या वस्तूंचं प्रदर्शन मांडत होतो. पेटीत लोखंडी पायावर बसवलेली हातभर पितळी नळी होती. टोकाला डोळा लावायची जागा, वर आकड्यांची पट्टी.

"दुर्बीण आहे," समितीचे अध्यक्ष दोन तेओदुलो बायोना म्हणाले; बड्या बागायतदारांच्या नावाआधी आमच्याकडे मानाचं 'दोन' लावतात. "युद्धात जपानी टाकून गेले. लिही तसं."

मी डोळा लावला. आत नुसतं धुरकट वर्तुळ.

"यातून तर समोरची भिंतसुद्धा दिसत नाही, दोन तेओदुलो."

"तुला मास्तर केलं कुणी?"

मी जाऊन प्राक्सेदेसला घेऊन आलो; तोवर सभागृहात बघ्यांची गर्दी जमली होती. ती आली, कुणाकडे बघितलं नाही. पितळी नळीच्या मधलं झाकण उघडून तिनं पेटीच्या कोपऱ्यातून फडक्यात गुंडाळलेली काचेची नळी काढली आणि त्या खाचेत ठेवली. चपखल बसली.

"पोलॅरिमीटर," ती म्हणाली. "तेओदुलो, तुझ्या उसाच्या रसातली गोडी मी यातच मोजायची."

ती दोघं एका वर्गात शिकलेली. भर सभेत 'दोन' न लावता त्यांना हाक मारणारी तीच एकटी.

"म्हणजे आम्हाला लुटलं ते यानं," दोन तेओदुलो म्हणाले. मागून कुणीतरी म्हणालं, "फोडून टाका." एक-दोघं पुढे सरकलेसुद्धा.

"फोडा, पण आधी तपासा," प्राक्सेदेस म्हणाली. "शुद्ध साखरेचं ठरलेल्या मापाचं पाणी केलं की यात शंभर आलं पाहिजे. कमी आलं तर यंत्र खोटं, आणि मीही."

औषधाच्या दुकानातून वजनाचा काटा आला. साखर दोन तेओदुलोंनी स्वतः आपल्या घरून मागवली, तिच्यावर भरवसा नव्हता म्हणून. तिनं पाणी केलं, नळी भरली, मागे दिवा लावला. "वर्तुळाचे दोन अर्धे भाग दिसतील, एक काळपट. बाजूची चावी फिरव. दोन्ही सारखे झाले की थांब."

दोन तेओदुलो वाकले. बराच वेळ चावी फिरवत होते. शेवटी पट्टी वाचली आणि सरळ उभे राहिले.

"किती?" मी विचारलं.

"शंभर."

मग तेच म्हणाले, "यंत्र खरं, मग माझ्या उसाचा आकडा पडला कसा? तोडलेला ऊस दिवसचे दिवस उन्हात पडून त्याची गोडी उतरायची, कारण ऊस नेणाऱ्या तुमच्या कारखान्याच्या वाघिणीच यायच्या नाहीत."

"बऱ्याच वर्षी, हो. ते मी साहेबांना तोंडावर सांगितलंय. पण ज्या वर्षी तुझा आकडा सगळ्यांत खाली गेला, त्या वर्षी वाघिणी रुळावर उभ्या होत्या. तोडणाऱ्यांना तू पोटभर भात देत नव्हतास, म्हणून ते काम टाकून गेले. ऊस चढवायला माणूस नव्हता."

मागे उभ्या असलेल्यांत त्या तोडणाऱ्यांपैकी दोघं होते. ते खाली बघत राहिले. दोन तेओदुलोंनीही त्यांना बघितलं.

"तोंड सांभाळ, प्राक्सेदेस."

"इतकी वर्षं तेच केलं."

तिनं नळी रिकामी केली, धुतली, पुसून फडक्यात गुंडाळली. मी पाटीवर यंत्राचं खरं नाव लिहिलं. ती पाटी कुणी काढली नाही. सणभर लोक येऊन डोळा लावत होते, पण चर्चमध्ये तिच्या बाकावर दुसरं कुणी बसलं नाही.

शेवटच्या संध्याकाळी दोन तेओदुलो एकटे आले. ती दाराशी उभी होती.

"मी तुझी माफी मागणार नाही," ते म्हणाले.

"मागितली असतीस तरी दिली नसती," ती म्हणाली आणि घरी गेली.