अर्धलीची शेळी

गौरी उठल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मुलीने ओसरीवर चटई अंथरली आणि पत्ते मांडले. ती पुण्याला नोकरी करते. टॅरोची, म्हणजे पत्त्यांवरून भाकीत सांगण्याची, ही विद्या तिने फोनवर पाहून आत्मसात केली आहे. मनात एक प्रश्न धरून पान काढावे, असे तिने मला सांगितले. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. तरीही मी पान काढले. प्रश्न शोधावा लागला नाही. तो सात-आठ वर्षे मनात होताच.

"बाबा, उलटं आलं."

"उलटं म्हंजे वाईट का?" वाती वळता वळता पत्नीने विचारले.

"तसं नाही गं आई. हे देण्याघेण्याचं पान आहे. सरळ आलं तर माणूस उदार."

"मग कर की सरळ. तुझ्या बाबांनी कुणाला कमी दिलंय? सगळं गाव तर जेवलं आपल्या घरी."

"तसं फिरवता येत नाही. आलं ते आलं."

पानावर लाल झगा घातलेला एक सधन गृहस्थ होता. त्याच्या एका हातात तराजू होता, दुसऱ्या हाताने तो गुडघे टेकलेल्या माणसाला नाणी देत होता. गुडघे टेकलेला आणखी एक माणूस शेजारी हात पसरून होता. त्याच्या हातात काहीच पडत नव्हते. पान उलटे असल्यामुळे मला आधी ती गुडघे टेकलेली माणसे दिसली, वर, आभाळाच्या जागी. देणारा खाली डोके करून लोंबत होता. तराजू मात्र त्याने सोडला नव्हता.

मुलगी अर्थ सांगत होती. उलट्या पानाचा दाता दुसऱ्याला उभे राहता येऊ नये इतकेच देतो. त्याच्या देण्याला दोरी असते. ती हे सहज बोलून गेली. मी पाणी पिण्याच्या निमित्ताने आत गेलो.

माझी एक चुलत बहीण आहे, माझ्याहून तीन वर्षांनी धाकटी. दहा-अकरा वर्षांपूर्वी ती विधवा होऊन माहेरी, म्हणजे आमच्या गावी परतली आणि डोंगराच्या कडेला पत्र्याच्या एका खोलीत राहू लागली. आमच्या शिरूर कासारच्या बाजूला दसरा-दिवाळी सरली की निम्मी घरे ऊसतोडीला निघतात. नवऱ्याबरोबर तिने अनेक वर्षे तोड केली होती. ती मला म्हणाली होती, "दादा, चार शेळ्या माझ्या सोताच्या झाल्या, की म्या पुन्हा कोयत्याला हात लावायची न्हाई." तिची मागणी एवढीच होती.

मी तिला एक शेळी अर्धलीने दिली. शेळी मालकाची, पाळणूक दुसऱ्याची आणि होणारी करडे निम्मी-निम्मी, अशी ही जुनी रीत. कोणते करडू कोणाचे, हे आमच्याकडे मालक ठरवतो. गावाने माझे कौतुक केले. शाळेतही सहकारी म्हणाले, गुरुजींनी बहिणीला आधार दिला. ते ऐकायला मला आवडले, हे आज लपवून काय उपयोग?

शेळी तीन वेळा व्याली, तिन्ही वेळा जुळे. पहिल्या वेताला एक पाट, म्हणजे मादी करडू, आणि एक बोकड. मी पाट घेतली. दुसऱ्या वेताला दोन्ही बोकडच झाले. बोकड विकून चार दिवस धान्य येते, कळप वाढतो तो पाटीने, हे तिला ठाऊक होते आणि मलाही. तिसऱ्या वेताला पुन्हा पाट आणि बोकड झाले. मी गेलो तेव्हा पाटीच्या गळ्यात तिने आपल्या लुगड्याच्या काठाची चिंधी बांधून ठेवली होती.

"दादा, ह्या टायमाला पाट माला द्या की."

"पुढच्या वेताला," मी म्हणालो. ती चिंधी मी हळूच सोडली, घडी घातली आणि तिच्या हातात दिली.

मी आवाज चढवला नाही. आयुष्यात कधीच चढवला नाही. माझ्या या मऊ बोलण्याने नकारसुद्धा उपकारासारखा वाटत असे, आणि समोरच्याला भांडायलाही जागा उरत नसे. माझ्या दावणीला तेव्हा नऊ शेळ्या होत्या. दहावीची मला गरज नव्हती. तरी मी ती का घेतली, याचे उत्तर मी अनेकदा शोधले आहे. मला वाटते, तिच्या दारी चार शेळ्या झाल्या असत्या तर ती माझ्या दारी आली नसती.

त्या दसऱ्यानंतर तिने शेळी माझ्या गोठ्यात आणून बांधली आणि ती टोळीबरोबर निघून गेली. पुढे दरवर्षी जात राहिली.

पान निघाले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी एक तरुण गाभण शेळी घेऊन तिच्याकडे गेलो. ती उंबऱ्यावर बसली होती. तिच्या उजव्या हाताची बोटे आता पुरती मिटत नाहीत. त्याच हाताने तिने शेळीची पाठ, मग पोट चाचपले.

"लई गुणाची हाय. कुणाची?"

"तुझी."

"अर्धलीनं?"

"नाही. पूर्ण तुझी."

ती हसली. "आता व्हय? दादा, माझ्यानं हापशापस्तोर जाणं व्हईना. हिच्या मागं डोंगर कोण चढंल? हिला पाला कोण तोडंल?"

"पाला मी पोचवीन."

"मंग ती तुमचीच की." थोडा वेळ ती शेळीचे कान कुरवाळत राहिली. "न्या माघारी. तुमीच पाळा. माझी म्हणून पाळा, अर्धलीनं."

"पाट झाली तर तुला आणून देतो."

"बघू की," ती म्हणाली, "पुढच्या वेताला."

तिच्या बोलण्यात टोमणा दिसला नाही. दिसला असता तर बरे झाले असते. मी शेळी घेऊन परत आलो. मुलगी पुण्याला निघून गेली होती. पत्नीने विचारले, "का ओ, वन्संनी घेतली न्हाई?" मी मान हलवली.

दिवाळीनंतर शेळी व्याली. एक बोकड, एक पाट. पाट चार दिवसांची झाली तेव्हा तिला उराशी धरून मी डोंगराच्या कडेला गेलो. दाराला कडी होती आणि कडीत काडी खोवलेली होती. शेजारची बाई शेण थापत होती.

"त्या गेल्या की टोळीसंगं, गुरुजी. परवाच्यालाच."

"तिला कुठे तोड जमते आता?"

"तोडायला कशाला? पालावर लेकरं धरायला नेलंय. तितं बसून भाकर तरी भेटती."

"माझ्यासाठी काही निरोप?"

"न्हाई बा. काईच न्हाई म्हणल्या."

मी काही वेळ त्या दारासमोर उभा राहिलो. करडू आईसाठी ओरडू लागले, म्हणून परत फिरलो. वाटेत दोघे जण भेटले. त्यांतला एक म्हणाला, "गुरुजी, आनिक एक वाढली की!"

आता ती पाट माझ्याच दावणीला आहे, माझाच पाला खाते. ती बहिणीची आहे, हे घरात आम्हा दोघांना ठाऊक आहे आणि त्याने कशातही फरक पडत नाही. तिच्या गळ्यात काही बांधावे असे मनात येते, पण ती चिंधी माझ्याकडे नाही.