नाडीचे तीन, पंपाचे दोन

वैद्य दुसऱ्याची नाडी बघतो. ठकूमावशी रोज सकाळी स्वतःचीच नाडी बघायची आणि औषध मात्र पंपाला द्यायची. ओढ्याकाठच्या खड्ड्यात, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून ती उकिडवी बसलेली असायची. उजव्या हाताची बोटं डाव्या मनगटावर, नजर कुठंच नाही, ओठ मात्र हलताहेत. पहिल्यांदा तिला तशी पाहिली तेव्हा मला वाटलं, बाई जप करतेय. मी आदबीनं चपला काढून उभा राहिलो. मान वर न करता तिनं सांगितलं, "पायतान घाला मास्तर, हितं काटं हायती. देव न्हाई, पंप हाय."

कुरवंड्याच्या वाटेवर, माळावर आमची लहानशी निवासी शाळा होती. दुसरं महायुद्ध सुरू व्हायला अजून तीन-चार वर्षं होती. वलवणच्या धरणाचं पाणी घाट उतरून मुंबईचे दिवे लावत होतं. आमच्या माळावर मात्र वीज नव्हती की इंजीन नव्हतं. पाणी होतं तेही खाली ओढ्यात. ते वर टाकीत चढवायला एक बिडाचा पंप बसवलेला होता. ओढ्याचं पाणी उतरत्या नळातून वेगानं यायचं, पंपाची झडप धाडकन मिटायची, आणि त्या दणक्यासरशी ओंजळभर पाणी बारीक नळातून वर ढकललं जायचं. झडप पुन्हा उघडायची, पुन्हा आपटायची. चोवीस तास हाच उद्योग. शाळेत सगळे त्याला 'ठोक्या' म्हणत. ठोक्याचं सगळं बघायचं काम ठकूमावशीकडे होतं. ती जवळच्याच एका वाडीची, पन्नाशीची, काटक बाई. कमरेला इतर बायांच्या कोयता असायचा, हिच्या पाना असायचा.

आता माझी ओळख करून देतो, कारण त्याशिवाय मावशीची पुरी होणार नाही. मी या शाळेत गणिताचा शिक्षक म्हणून आलो तेव्हा तेवीस वर्षांचा होतो आणि जन्माचा तोतरा होतो. अक्षर मोत्यासारखं. नेमणूक पत्रानं झाली, त्यामुळे हेडमास्तरांना माझं अक्षर आधी भेटलं आणि जीभ नंतर. मी सगळा तास फळ्यावर लिहून काढायचो, पाठ वर्गाकडे. पोरांना ते फार सोयीचं होतं. पण हेडमास्तर मला एकदा बोलावून म्हणाले, "मास्तर, नाताळात कमिटी येते. अध्यक्षांसमोर एक तास तोंडानं शिकवून दाखवायचा. जमलं तर कायम, नाहीतर पुण्याची गाडी." माणूस वाईट नव्हता, फक्त घाईचा होता. घरी आई आणि दोन बहिणी माझ्या नोकरीकडे डोळे लावून बसल्या होत्या.

म्हणून मी संध्याकाळी ओढ्यावर जाऊन बोलायचा सराव करू लागलो. ठोक्याच्या आवाजात आपले हाल कुणाला ऐकू जाणार नाहीत, हा माझा हिशेब. गणिताच्या मास्तरचा हिशेब तिथेच चुकला. खड्ड्यातून मावशीचं डोकं वर आलं.

"मास्तर, तुमी पप्प करून थांबता कशापाय?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. काय सांगणार? तेही सांगायला तोंडच लागतं. कसंबसं म्हटलं की, तेच तेच अक्षर पुन्हा येतं, लोक हसतात.

"त्यात लाजायचं काय?" ती खरोखरच कोड्यात पडली. "ह्यो ठोक्या बघा. दिसभर येकच बोलतो. येका ठोक्यात टाकी कदी भरली व्हय? पुन्यांदा म्हना, आनि पुन्यांदा म्हना."

तेवीस वर्षांत वैद्यांनी, मांत्रिकांनी, मामांनी मला थांबवायचेच उपाय सांगितले होते. जिभेवर वेखंड चोळून झालं, तोंडात खडे धरून झाले. पुन्हा म्हण, असं सांगणारी ही पहिली. त्या संध्याकाळचे माझ्यावर फार उपकार आहेत.

पुन्हा म्हणण्याची लाज तिनं काढली, पण वेगाची गोष्ट नंतर कळली. हेडमास्तरांना ठोक्या आळशी वाटायचा. "मिनिटाला दुप्पट ठोके टाकले तर दुप्पट पाणी येईल," हा त्यांचा त्रैराशिकाचा हुकूम. मावशी वाद घालत नसे. तिनं मला खाली बोलावलं, झडपेच्या दांडीवर वजनासाठी अडकवलेल्या लोखंडी चकत्यांपैकी तीन काढल्या आणि म्हणाली, "ऐका." ठोक्या सुटला. टकटकटकटक! वरच्या नळाला कान लावला तर आत नुसती चुळबुळ.

"पळतोय, पन चढतंय काय?" मावशी म्हणाली. "पान्याला जोर धराया सवड तर मिळाया पायजे. जोर न्हाई तर दनका न्हाई."

मग तिनं उलट केलं. चकत्या जास्त घातल्या. झडप उघडीच राहिली आणि सगळं पाणी ओढ्याला वाहून गेलं. "ह्ये बी न्हाई," ती म्हणाली आणि मनगट धरून बसली. एकेक चकती कमी करत गेली, शेवटी मान हलली. "माझ्या नाडीचं तीन, ह्येचं दोन. बसला."

हे माप कुठून आलं, ते तिनं नंतर एकदा सांगितलं. पंप बसवायला आलेल्या मुंबईच्या फिटरनं खिशातल्या घड्याळावर ठोके मोजून दाखवले आणि जाताना अर्थातच घड्याळ घेऊन गेला. तेव्हा पंप मावशीच्या नवऱ्याकडे होता. फिटर होता तेवढ्यात त्यानं शहाणपणा करून ठोके नाडीशी ताडून ठेवले होते. "त्येंची बोटं राठ, सोताची नाडी लागायची न्हाई. मी भाकर घिऊन येयाची तवा माझाच हात धरून बसायचं. वाडीतली मानसं वरनं जाताना हसायची. म्हनायची, भरदिवसा काय चाललंय!" सांगताना ती हसली, आणि मग तिची बोटं आपसूक डाव्या मनगटाकडे गेली. नवरा जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. तो हात धरायला दुसरं कुणी नव्हतं म्हणून ती स्वतःच धरत होती.

मलाही तिनं तेच शिकवलं. "अडलात की पळता तुमी, म्हनून रुततंय. मनगट धरा. येक ठोका दमाचा, येक सबदाचा." सुगी सरेपर्यंत रोज मी ओढ्यावर मनगट धरून त्रैराशिक, व्याज, काळ-काम-वेग मोठ्यानं समजावत असे आणि मावशी ठोक्याला तेल घालता घालता "म्होरं" म्हणत असे. अडलो की माझी नाडी उधळायची. ती म्हणायची, "बसू द्या, मंग बोला." तोतरेपणा गेला असं मी म्हणणार नाही. पण भीतीचा जोर ओसरला.

नाताळात कमिटी आली. अध्यक्ष म्हणजे निवृत्त मुन्सफ, पुण्याचे, कडक. शनिवारी संध्याकाळी आले. रविवारी अकराला माझा तास. सकाळी आठ वाजता मुन्सफसाहेबांनी तोंडाला साबण लावला आणि नळानं दोनदा खोकून प्राण सोडला.

टाकी कोरडी ठणठणीत होती. हेडमास्तर तरातरा ओढ्याकडे निघाले, मागून खांद्यावर टॉवेल टाकलेले मुन्सफसाहेब, कानाजवळ साबण वाळलेला, आणि त्यांच्या मागं मी. वाटेवरूनच ठोक्या ऐकू येत होता. टकटकटकटक. मी चमकलो.

मावशी खड्ड्यात बसली होती, डोक्यावरून घोंगडी घेऊन, मनगट धरून.

"काय केलंस पंपाला?" हेडमास्तर ओरडले.

"सुस्त झालता साहेब. परवाधरनं लय सुस्त. रोज येक चकती काढली. आता बसलाय. तिनाला दोन."

"बसलाय? वर थेंब नाही! पाहुण्यांसमोर अब्रू गेली शाळेची. उद्यापासून तू येऊ नकोस. मी फिटर ठेवतो."

मावशी रडली नाही की गयावया केली नाही. फक्त तोच हात पुढं करून म्हणाली, "मोजा की साहेब. तिनाला दोनच हायती." हेडमास्तर वळलेसुद्धा. मी खाली उतरलो आणि तिचं मनगट धरलं.

तिचं माप अगदी बरोबर होतं. तीन ठोके नाडीचे, दोन ठोके झडपेचे, चुकून इकडेतिकडे नाही. पण मनगट तव्यासारखं तापलं होतं. तिच्या अंगात हिवताप होता, नाडी धावत होती, आणि त्या धावत्या नाडीला ठोक्या सुस्त वाटत होता. म्हणून गेले तीन दिवस ती इमानानं, एकेक चकती काढून, त्याला आपल्या तापाबरोबर पळवत होती.

"स-स-स," मी म्हणालो.

"मास्तर, नंतर," हेडमास्तर चालता चालता म्हणाले.

एरवी मी तिथंच गप्प झालो असतो. आयुष्यभर तेच केलं होतं, आणि अकराला तास होता. त्याच्या तीन तास आधीच अध्यक्षांसमोर अडखळून दाखवण्यात शहाणपण नव्हतं. पण मावशीचं मनगट एका हातात होतं. ते न सोडता मी तिचा हात माझ्या छातीशी घेतला आणि एक ठोका दम खाल्ला.

"सर, थ-थ-थांबा. मावशीचं माप ब-बरोबर आहे. तिला ता-ता-ता-ताप आहे."

दोघंही थांबले. मग मी बोललोच. किती अक्षरं पुन्हा आली याची गणती नाही. अडलो की दम, की पुन्हा तेच अक्षर, की पुढं. फिटरचं घड्याळ सांगितलं, तिच्या नवऱ्याचं सांगितलं, जोर धरायला पाण्याला सवड का लागते ते सांगितलं. जमिनीवर काडीनं तिनाला दोनाचं प्रमाण मांडलं, पण तोंड त्यांच्याकडे ठेवून. शेवटी म्हटलं, "मुन्सफसाहेब, आपलं घ-घड्याळ द्या."

त्यांनी ते साखळीसकट काढून दिलं. मी मावशीची ताप नसतानाची नाडी शाळेच्या घड्याळावर मोजलेली होती, एवढा तरी गणिताचा मास्तर होतो. एक चकती चढवली, घड्याळ पाहिलं. दुसरी चढवली. तिसरी. ठोक्याची धावपळ ओसरली, दणका भरदार झाला. मुन्सफसाहेबांनी स्वतः वाकून वरच्या नळाला कान लावला.

"चढतंय," ते म्हणाले. मग कानाजवळचा साबण पुसत हेडमास्तरांना म्हणाले, "तीस वर्षं साक्षी ऐकल्या मी. अडखळणारे साक्षीदार मला नेहमी बरे वाटले. अकराचा तास मी ऐकला, आता मला आंघोळ करू द्या."

हेडमास्तरांनी काय केलं, तेही सांगायला हवं. अंगातला लोकरी कोट काढून त्यांनी मावशीभोवती लपेटला, ऑफिसातली आरामखुर्ची आणवली, आणि चौघांच्या खांद्यावर तिला लोणावळ्याच्या दवाखान्यात पाठवलं. स्वतः मागून चालत गेले. फिटरचं नाव पुन्हा निघालं नाही.

तीन आठवडे ठोक्या मी सांभाळला. माझी नाडी तिच्याहून चपळ. माझ्या आठाला त्याचे पाच बसायचे. बरी होऊन आल्यावर तिला हे सांगितलं तर ती पोट धरून हसली. "आटाला पाच! तुमी मास्तर लोक सोपं म्हनून काय ठिवनार न्हाई."

पुढं शाळेत वीज आली, विजेचा पंप आला, ठोक्या बंद झाला. मी तोवर कायम होऊन बहिणींची लग्नं उरकून मोकळा झालो होतो. मावशी वाडीवर परत गेली. महिन्या-दोन महिन्यांनी मी चक्कर टाकायचो. आज जे काही बोलतो, शिकवतो, भांडतो, ते तिच्या जिवावर. वर्गात शिरण्यापूर्वी माझी बोटं मनगटाकडे जातात, आणि नवे शिक्षक समजतात की मास्तरांना हृदयविकार आहे.

शेवटचा भेटलो तेव्हा ती अंथरुणावर होती. दिवसाचे अकरा वाजले असतील. सून धुणं घेऊन ओढ्यावर गेली होती. मला पाहून मावशीनं घोंगडीखालून डावा हात बाहेर काढला. "मोजा," म्हणाली. "माझी बोटं आता राठ झाली. लागत न्हाई."

मी मनगट धरलं. तीन ठोके यायला फार वेळ लागला, आणि मधला एक आलाच नाही. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"पानी चढंल का वो, मास्तर?"

"च-च-च," मी म्हणालो. अडलो. तिनं घाई केली नाही, शब्द पुरवला नाही, नजर काढली नाही. ओढ्यावर थांबायची तशीच थांबून राहिली. एक ठोका मी दम खाल्ला आणि पुन्हा म्हटलं.

"चढेल, मावशी."

"म्होरं," ती म्हणाली.