उदाहरण म्हणून गुणाजी

पेणजवळच्या खाडीकाठी दोन गावांच्या शेतांना मिळून एकच बाहेरचा बांध आहे. मोठ्या भरतीत त्याला खांड पडते, म्हणजे तो फुटतो, आणि खारं पाणी भातात शिरतं. गुणाजीकाकांनी अशा सतरा खांडी बुजवल्या. आंतरराष्ट्रीय संबंध नावाचा विषय असतो, हे त्यांना अडुसष्टाव्या वर्षी कळलं.

सांगितलं पुतणीनं. दिपिका रामवाडीत राहते आणि रोह्याच्या एका कॉलेजात हा विषय शिकवते. वर कोणी मालक नसताना देश एकमेकांशी कसे वागतात, याचा विचार तिच्या पुस्तकात होता. तो सगळा युरोप-अमेरिकेतल्या माणसांनी केलेला. तिला आपला बांध आठवला. पालखी कुठल्या वाटेनं न्यायची या भांडणावरून दोन्ही गावांचं एकोणीस वर्षं बोलणं बंद आहे. तरी खांड पडली की दोन्हीकडून घरटी एक माणूस येतो. बांधावर बोलतात, खाली उतरलं की बंद.

तिनं यावर निबंध लिहून एका ऑनलाइन परिषदेला पाठवला. हा विषय साऱ्या जगाचा करायचा, म्हणून ती परिषद होती. त्यांनी निबंध घेतला आणि होणाऱ्या पुस्तकाच्या दुसऱ्या भागात टाकला. पहिला भाग ‘सिद्धांत’, दुसरा ‘उदाहरणे’. दिपिकानं भांडून पाहिलं. तेव्हा ठरलं, की बांधाचा माणूस परिषदेत दहा मिनिटं बोलेल, मग बघू.

“म्हणजे विचार त्यांचा आणि उदाहरण आपलं,” ती म्हणाली.

“उदाहरण कोण?”

“तुम्ही, काका.”

काकांनी थोडा विचार केला. “मग हैबतराव पण पाहिजे.”

हैबतराव पलीकडच्या गावचे. दिपिका घाबरली. “एकालाच बोलायचंय. आणि तुमचं तर बोलणं नाही!”

“बांधाचं एका गावानं बोलायचं नसतं गो. त्याला बांधावरच बोलवू.”

शनिवारी चार वाजता तिघं बांधावर बसले. मोबाईल काठीला बांधला होता. हैबतराव इस्त्रीचा शर्ट घालून आले होते.

“ही कोणाची?”

“माझी पुतणी.”

“हुशार दिसते. तुमच्याकडची वाटत नाय.”

पडद्यावर परिषदेच्या अध्यक्षबाई आल्या. एकाच्या जागी दोघं पाहून त्यांनी पाच-पाच मिनिटं वाटून दिली. दोघं दहा मिनिटं एकदमच बोलले. दिपिका जमेल तेवढं इंग्रजीत सांगत होती.

“आमची माणसं नेहमी आधी येतात,” गुणाजीकाका म्हणाले.

“येणारच. तुमची घरं जवळ हायत.”

बाईंनी विचारलं, “एखादं गाव आलंच नाही तर?”

‘दोन्ही गावं नेहमी येतात’ यावर दिपिकाचा अख्खा निबंध उभा होता. तिनं प्रश्न खात्रीनं मराठीत सांगितला.

हैबतराव खाडीकडे बघत म्हणाले, “एकदा आम्ही नव्हतो आलो. पालखीचं झालं त्या साली.”

दिपिका काकांकडे वळली. “तुम्ही मला हे सांगितलं नाहीत!”

“कोणालाच नाय सांगितलं. यांच्या वाट्याचा चिखल पण खांडीत आम्हीच टाकला आन गप बसलो.”

“का?”

“बोभाटा केला असता तर लाजंनं पुढच्या साली पण आले नसते. मग दर खांडीला सगळा चिखल आमच्याकडंच.”

“पुढच्या साली आमची चाळीस माणसं होती,” हैबतराव म्हणाले.

“एकोणचाळीस.”

पडद्यावर बाई उत्तरासाठी थांबल्या होत्या. आपला निबंध आपल्याच हातानं मोडायचा होता. दिपिकानं मोडला. सगळं सांगितलं, फक्त ‘आम्ही’च्या जागी ‘दोन गावांपैकी एक’ म्हणाली.

“कोणतं गाव?” बाईंनी विचारलं.

“ते इथं सांगत नाहीत.”

बाई बराच वेळ लिहीत होत्या. मग म्हणाल्या, “आमच्या सिद्धांतात न येणाऱ्याचं नाव जाहीर करतात, म्हणजे तो येतो. तुम्ही उलटं सांगताय. हे पहिल्या भागात जाईल. पण तुमचा निबंध चुकलाय. आठ दिवसांत नवा लिहा.”

दिपिकानं दोघांना हे सांगितलं.

“लिही,” काका म्हणाले. “आन पाठवायच्या आधी यांना वाचून दाखव.”

“मराठीत,” हैबतराव म्हणाले.