गिरीजच्या आजींनी फोनवर म्हटलेलं गाणं

ती दुपार आठवली की आजही मी खुर्चीत सरळ होऊन बसतो.

तेव्हा मी वसईत पोलीस निरीक्षक होतो. आमच्या हद्दीत एक फार जुनी विद्वत्सभा होती. पूर्वी तिथं पोथ्यांवर, शिलालेखांवर व्याख्यानं होत. पुढं सभेनं सांस्कृतिक केंद्र काढलं. तिथला प्रत्येक कार्यक्रम दोन भाषांत व्हायचा, मराठीत आणि वाड्यांमधल्या घरगुती बोलीत. त्या दुपारी केंद्राच्या सचिव, एक निवृत्त शिक्षिका, घाईघाईनं ठाण्यात आल्या.

"साहेब, आमच्या आजी वर्गाला आल्या नाहीत. फोन बंद, घराला कुलूप. न सांगता त्या कधी चुकवत नाहीत."

आजी जवळच्याच गिरीज गावच्या. विधवा, मूलबाळ नाही, केळीची वाडी स्वतः सांभाळायच्या. केंद्रात मुलींना लग्नातली जुनी गाणी शिकवायच्या. ठाणे अंमलदारानं मिसिंग नोंदवली. तेवढ्यात आमच्या खबऱ्याचा निरोप आला. आजींना मुंबईत वाढलेला पुतण्या गाडीतून घेऊन गेला होता, आणि त्यांच्या चपला ओट्यावरच राहिल्या होत्या.

पुतण्याला चौकशीला बोलावलं.

"काकी देवदर्शनाला गेलीय, सर. मीच गाडी करून दिली."

"कुठं?"

त्यानं एक गाव सांगितलं. थोड्या वेळानं परत विचारलं, तर दुसरंच. मग मी विचारलं, "वाडीचा सौदा ठरलाय का?" त्यानं पाणी मागितलं.

"काकींशी आत्ता बोलणं करून दे. स्पीकरवर."

त्याचा नाइलाज झाला. पलीकडं एका पुरुषानं फोन उचलून आजींना दिला. त्या मराठीत म्हणाल्या, "मी बरी आहे." आवाज दबलेला होता. मी सचिवबाईंना खूण केली.

"आजी, मुली वाट बघतायत. कुठलं गाणं घेऊ?"

आजींनी बोलीतलं एक गाणं म्हणायला सुरुवात केली. पुतण्या निवांत ऐकत होता. सचिवबाईंनी पदर मुठीत घट्ट धरला, पण चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही.

"छान. हेच घेते," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

बाहेर येताच त्या म्हणाल्या, "चाल गाण्याची होती, साहेब. शब्द नव्हते. चिंचोटीच्या पुढं कामणला, निळ्या शटरच्या गोदामावरच्या खोलीत कोंडलंय. औषधाच्या गोळ्या काढून घेतल्यात. उद्या वाडीच्या कागदांवर अंगठा घेणार आहेत."

पुतण्यासमोर चहा ठेवायला सांगितला आणि हवालदाराला शेजारी बसवलं. त्याचा एक फोन गेला असता तर आजींना तिथून हलवलं असतं. महिला पोलीस आणि दोन पंच घेऊन आम्ही निघालो. रस्ताभर ट्रकांची रांग होती, आणि सायरन लावून पहारेकऱ्याला सावध करायची सोय नव्हती. निळी शटरंही एकाऐवजी तीन निघाली. तिसऱ्याच्या वर, कडी घातलेल्या दाराआड आजी अनवाणी बसल्या होत्या. पहाऱ्यावरच्या माणसाला जागीच ताब्यात घेतलं.

पुतण्याला अटक झाल्याचं कळल्यावर आजी म्हणाल्या, "बरं झालं, त्याला आपली भाषा शिकवली नाही." त्या हसल्या, आणि मग किती तरी वेळ रडत राहिल्या.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत, जबाब देताना कुणी अडखळलं की मी लेखनिकाला थांबवायचो आणि समोरच्याला सांगायचो, "घरी बोलता तसं बोला. समजून घेणं आमचं काम आहे."